युद्धकाळातील मजूरमंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि खाणीत उतरलेल्या स्त्रिया

तुमसरहून सिहोरामार्गे उत्तरेकडे जाणारा रस्ता बपेरा येथे महाराष्ट्राची हद्द गाठतो. बावनथडी नदीच्या पलीकडे मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्हा सुरू होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळी ही सीमा अस्तित्वात नव्हती. नदीचे दोन्ही काठ मध्य प्रांत व वऱ्हाड या एकाच प्रांतात मोडत आणि नागपूर ही त्याची राजधानी होती. बपेरा ज्या तुमसर तालुक्यात आहे त्याच तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. मँगनीजवाचून पोलाद होत नाही आणि पोलादावाचून आधुनिक युद्ध लढता येत नाही. दगड फोडणे, हाताने निवडणे, टोपलीत भरून डोक्यावरून वाहणे ही खाणीवरील कामे या भागातील स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या करीत आल्या. विदर्भात अशा मजूर स्त्रीला रेजा म्हणतात.

महायुद्ध आणि स्त्रिया हा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर गणवेशातील स्त्री उभी राहते. ते स्वाभाविकही आहे. भारतात १९४२ मध्ये स्त्रियांचे साहाय्यक सैन्यदल स्थापन झाले आणि टंकलेखन, दूरध्वनी, संदेशवहन, भांडारांचे हिशेब अशी कामे हजारो तरुणींनी सैन्यासाठी केली. परिचारिकांची सेवा तर सर्वश्रुत आहे. परंतु त्या दलात प्रवेश मिळण्यासाठी शिक्षण लागे. ज्यांना अक्षरओळख नव्हती, अशा कितीतरी स्त्रियांनीही युद्धाचा भार वाहिला. त्यांना ना गणवेश मिळाला, ना पदक. त्यांतील काहींना तर सरकारने पुन्हा जमिनीखाली नेले आणि त्या निर्णयाचे समर्थन करण्याची जबाबदारी ज्या मंत्र्यावर येऊन पडली, ते होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. संविधानाचे शिल्पकार म्हणून त्यांचे चरित्र आमच्या वाचकांना परिचित आहे. त्या चरित्रातील हे प्रकरण मात्र क्वचितच सांगितले जाते, म्हणून त्यावर आम्ही येथे थोडे अधिक रेंगाळणार आहोत.

भीमराव रामजी आंबेडकर यांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील रामजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक म्हणून त्यांनी दीर्घकाळ काम केले होते. मातोश्री भीमाबाईंचे माहेरही लष्करी पेशाचे. त्या काळी सैनिकांच्या मुलांना, आणि मुलींनाही, छावणीच्या शाळेत शिकावे लागे. त्यामुळे ज्या समाजाला गावातील शाळेचा उंबरठा निषिद्ध होता, त्या समाजातील काही घरांत स्त्रियासुद्धा लिहू-वाचू लागल्या. सैन्याची नोकरी ही या कुटुंबांच्या दृष्टीने पगाराहून मोठी गोष्ट होती. पुढे इंग्रज सरकारने महार समाजाची सैन्यभरती बंद केली, तेव्हा हा दरवाजा मिटला. पहिल्या महायुद्धात माणसांची निकड भासताच तो उघडला, १९१७ मध्ये महारांची स्वतंत्र पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये ती मोडीतही काढण्यात आली. गरज असेतोवर जवळ करायचे आणि गरज सरली की दूर लोटायचे, हा अनुभव बाबासाहेबांच्या घराला अगदी जवळचा होता.

आई लहानपणीच निवर्तली. आत्या मीराबाई यांनी मुलांना सांभाळले. मुंबईत परळच्या चाळीत, गिरणी कामगारांच्या शेजारात त्यांचे शिक्षण झाले. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले आणि तेथून लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. ते सुखरूप पोहोचले, परंतु त्यांचे सामान आणि ग्रंथ घेऊन येणारे जहाज जर्मन पाणबुडीने बुडवले. पुन्हा पैसा साठवून ते लंडनला गेले, अर्थशास्त्रातील डॉक्टरेट आणि बॅरिस्टरची सनद मिळवून १९२३ मध्ये परतले. पुढचा इतिहास, महाडचे चवदार तळे, काळाराम मंदिर, गोलमेज परिषद, पुणे करार, हा सर्वज्ञात असल्याने त्याची येथे पुनरुक्ती करीत नाही.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. बाबासाहेब आणि रमाबाई यांना पाच अपत्ये झाली. त्यांपैकी चार बालपणीच दगावली. धाकटा राजरत्न १९२६ च्या जुलैमध्ये गेला. दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात कारखान्यांतील स्त्रियांना बाळंतपणाच्या काळात पगारी रजा देण्याच्या विधेयकावर ते बोलण्यास उभे राहिले. अशा रजेने उद्योगांवर बोजा पडेल आणि मालक स्त्रियांना कामावर ठेवणार नाहीत, हा आक्षेप तेव्हाही घेतला जात होता. बाबासाहेबांनी त्याला दिलेले उत्तर व्यवहारी होते. प्रसूतीच्या आधी आणि नंतर स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्या खर्चाचा वाटा सरकारने उचलावा, असे त्यांचे मत होते. तथापि मालकानेही हात झटकून चालणार नाही, कारण स्त्रीला कामावर ठेवण्यात त्याचा फायदा असतो म्हणूनच तो तिला ठेवतो. हा कायदा १९२९ मध्ये मुंबई इलाख्यात झाला. सभागृहात त्यांनी स्वतःच्या घरातील दुःखाचा आधार घेतला नाही. त्यांचा तो स्वभाव नव्हता.

येथे एक लहानसा योगायोग नोंदवावासा वाटतो. बाबासाहेबांच्या जन्मानंतर एक महिना आणि एका दिवसाने, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांनी कामगारांच्या प्रश्नावरील आपले ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक प्रसिद्ध केले. न्याय्य वेतन आणि श्रमाची प्रतिष्ठा यांबरोबरच स्त्रिया व मुले यांच्यावर त्यांच्या शक्तीबाहेरचे काम लादू नये, हाही त्यातील एक विषय होता. युरोपातील कोळशाच्या खाणींतील दुःस्थिती त्या काळी साऱ्या जगाला ठाऊक झालेली होती.

भारतात कोळशाच्या खाणीत स्त्रिया फार पूर्वीपासून उतरत. पती कोळसा तोडी आणि पत्नी तो टोपलीत भरून टबात टाकी, अशी जोडीने कामाची रीत झरिया-राणीगंजपासून आपल्या मध्य प्रांतातील पेंच खोऱ्यापर्यंत होती. मजुरी टबावर मिळे, म्हणून कुटुंबातील जितके हात तितकी मिळकत. पुष्कळदा तान्ही मुलेही खाली नेली जात, कारण ती ठेवायची कोणापाशी? १९२९ पासून सरकारने स्त्रियांना भूमिगत कामातून टप्प्याटप्प्याने काढण्यास आरंभ केला आणि १९३७ मध्ये ही बंदी पूर्ण झाली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १९३५ चा यासंबंधीचा करारही भारताने मान्य केला. सुधारणा इष्टच होती. परंतु ज्या घरातील अर्धी मिळकत एका आदेशासरशी बंद झाली, त्या घरासाठी पर्यायी कामाची कोणतीही तजवीज झाली नव्हती, हेही आपण विसरू नये.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले. नाझीवाद विजयी झाला तर स्वातंत्र्य आणि समता या दोन्ही शब्दांना जगात थारा उरणार नाही, म्हणून कामगारांनी या युद्धात सहकार्य केले पाहिजे, अशी बाबासाहेबांची भूमिका होती. याच सुमारास सैन्यभरतीचा जुना दरवाजा पुन्हा उघडला. त्यांच्या प्रयत्नांना यश येऊन १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. जुलै १९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून त्यांची नियुक्ती झाली. बोलीभाषेत याच पदाला मजूरमंत्री म्हणत. त्याच महिन्यात नागपूर येथे अस्पृश्य समाजाचे मोठे अधिवेशन भरले. त्याला जोडून अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली महिला परिषदही झाली. तेथे बाबासाहेबांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजण्याचा आपला दंडक सांगितला. पुढच्याच महिन्यात छोडो भारत आंदोलन पेटले आणि देशातील प्रमुख नेते तुरुंगात गेले. अशा वेळी सरकारात बसल्याबद्दल बाबासाहेबांवर कठोर टीका झाली. ती त्यांनी पत्करली.

मजूर खात्याकडे खाणींचा विषय होता आणि १९४३ मध्ये त्यांच्यापुढे कोळशाच्या टंचाईचे संकट उभे राहिले. रेल्वे, पोलादाच्या भट्ट्या, दारूगोळ्याचे कारखाने, वीजघरे, कापडगिरण्या हे सारे कोळशावर चालणारे. युद्धामुळे मागणी वाढली आणि नेमक्या त्याच वेळी उत्पादन घसरले. कारण उघड होते. विमानतळ, छावण्या, रस्ते यांची लष्करी कामे देशभर निघाली होती. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यातील गोंदियाजवळ बिरसीची धावपट्टी बांधली गेली तीही याच युद्धाच्या काळातील. उघड्यावर, उजेडात आणि बऱ्या मजुरीवर काम मिळत असता अंधाऱ्या खाणीत कोण उतरेल? मजूर खाणी सोडून गेले. गोरखपूरकडून मजूर आणण्याची योजना सरकारने हाती घेतली, परंतु तेवढ्याने भागेना. अखेर ऑगस्ट १९४३ मध्ये स्त्रियांवरील भूमिगत कामाची बंदी उठवण्यात आली, ती सर्वप्रथम आपल्या मध्य प्रांतात. वर्षअखेरीपर्यंत बंगाल, बिहार आणि ओरिसातही ती उठली.

बंदीखालून सुटका होऊन सहा वर्षे झाली होती. तेवढ्यात हजारो स्त्रिया पुन्हा टोपल्या घेऊन खाली उतरल्या.

देशात आणि इंग्लंडमध्ये याविरुद्ध मोठा गहजब झाला. अखिल भारतीय महिला परिषदेने हा प्रश्न धसास लावला. ब्रिटिश संसदेतही प्रश्न विचारले गेले. डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेब झरियाच्या कोळसाक्षेत्रात गेले. कचेरीतील अहवाल वाचून त्यांचे समाधान होत नसे. ते स्वतः खाणीत उतरले, कामाच्या जागा पाहिल्या, मजुरांच्या वस्त्या पाहिल्या, स्त्री-पुरुष मजुरांची विचारपूस केली. परळच्या चाळीत वाढलेल्या माणसाला मजुरांचे घर म्हणजे काय हे सांगावे लागत नव्हते. तरीही खाणकामगारांच्या धौऱ्यांची अवस्था गिरणगावापेक्षा कितीतरी वाईट होती.

८ फेब्रुवारी १९४४ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात या प्रश्नावर चर्चा झाली आणि सरकारच्या वतीने उत्तर देण्यास बाबासाहेब उभे राहिले. सोळा वर्षांपूर्वी प्रसूतिरजेच्या बाजूने बोलणारा तोच माणूस आज स्त्रियांना खाणीत पाठवण्याचे कारण सांगत होता. आपण हा निर्णय आनंदाने घेतलेला नाही, हे त्यांनी लपवले नाही. कोळसा कमी पडला तर कारखाने थांबतील आणि त्याची झळ गरिबालाच आधी बसेल. हा उपाय केवळ आणीबाणीपुरता आहे आणि तो शक्य तितक्या लवकर मागे घेतला जाईल, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. दुसरी एक गोष्ट त्यांनी आवर्जून सभागृहापुढे ठेवली. खाणीत समान कामासाठी स्त्रीला पुरुषाइतकेच वेतन देण्याची अट सरकारने घातली होती. कोणत्याही उद्योगात हे तत्त्व प्रथमच मान्य होत आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

हे समर्थन कितपत पटण्याजोगे होते? आमच्या मते टीकाकारांची बाजू दुबळी नव्हती. मजुरी वाढवून पुरुष मजूर परत आणण्याचा मार्ग मोकळा होता आणि तो पुरेसा चोखाळला गेला नाही. खाणमालकांनी वर्षानुवर्षे नफा कमावला, पण वस्त्या सुधारल्या नाहीत. मजूर पळाले यात आश्चर्य ते काय? त्या चुकीची किंमत सर्वांत गरीब स्त्रीने आपल्या शरीराने चुकती करावी, हे न्यायाचे नव्हते. मात्र बाबासाहेबांनी केवळ भाषण करून विषय संपवला असे म्हणता येणार नाही. त्यांच्या खात्याने त्यानंतरच्या दोन वर्षांत जे केले ते पाहिल्यावर, हा निर्णय त्यांना किती बोचत असावा याचा अंदाज येतो.

सभागृहातील चर्चेच्या आठवडाभर आधीच, ३१ जानेवारी १९४४ रोजी, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला होता. खाणीतून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक टन कोळशावर उपकर बसवून त्या पैशातून घरे, दवाखाने, पिण्याचे पाणी आणि शिक्षण यांची व्यवस्था करावयाची, ही त्यातील कल्पना. आम्हांस ती फार महत्त्वाची वाटते, कारण येथे मजुराचे कल्याण मालकाच्या मर्जीवर सोडलेले नव्हते. कोळसा निघाला की पैसा जमा झालाच पाहिजे. पुढे अभ्रकाच्या खाणींसाठी १९४६ मध्ये अशाच निधीचा कायदा झाला. खाणीतील स्त्रियांच्या प्रसूतिलाभाचा कायदा १९४१ मध्ये झालेला होता. तो १९४३ मध्ये आणि पुन्हा १९४५ मध्ये सुधारण्यात आला. भूमिगत काम करणाऱ्या स्त्रीला गरोदरपणाच्या शेवटच्या आठवड्यांत आणि बाळंतपणानंतर खाली उतरवता येणार नाही, हे त्या दुसऱ्या सुधारणेने ठरले. खाणीवर पाळणाघर असावे, यासाठी खाण कायद्यात दुरुस्ती झाली. वर सांगितलेल्या त्या प्रश्नाला, मूल ठेवायचे कोणापाशी, सरकारने कागदावर का होईना प्रथमच उत्तर दिले.

कागदावर का होईना असे आम्ही म्हणालो ते जाणूनबुजून. दिल्लीतील कायदा दूरच्या खाणीपर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, हे आपल्या भागातील मजुरांना ठाऊक आहे.

युद्ध ऑगस्ट १९४५ मध्ये संपले. दिलेल्या शब्दाप्रमाणे १ फेब्रुवारी १९४६ पासून भूमिगत कामावरील बंदी पुन्हा लागू झाली आणि स्त्रिया वर आल्या. या वेळीही त्यांच्यापुढे रोजगाराचा प्रश्न उभा राहिलाच. बंदी आली की मजुरी जाते, हे १९३७ चे चित्र पुन्हा दिसले. मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांच्या कारकिर्दीत आणखीही पुष्कळ झाले. सरकार, मालक आणि कामगार यांची त्रिपक्षीय परिषद नियमित भरू लागली, सेवायोजन कार्यालये निघाली, कारखान्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आली. १९४६ च्या मध्यावर कार्यकारी मंडळ बदलले आणि ते पद त्यांनी सोडले.

त्यानंतर संविधान सभा, मसुदा समितीचे अध्यक्षपद आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी स्वीकारले गेलेले संविधान. त्यातील मार्गदर्शक तत्त्वे वाचताना आम्हांस झरियाच्या खाणी आठवतात. ३९ व्या अनुच्छेदात स्त्री आणि पुरुष दोघांना समान कामासाठी समान वेतन हे तत्त्व आहे. कामगार स्त्री-पुरुषांचे आरोग्य आणि बळ यांचा दुरुपयोग होऊ नये आणि आर्थिक गरजेपोटी कोणाला आपल्या शक्तीला न झेपणारे काम पत्करावे लागू नये, हेही त्याच अनुच्छेदात आहे. ४२ व्या अनुच्छेदात कामाची मानवोचित परिस्थिती आणि प्रसूतिसाहाय्य यांची तरतूद आहे. ही तत्त्वे अनेकांच्या विचारातून आली, एकट्या बाबासाहेबांची नव्हेत. तथापि त्या सभागृहात बसलेल्यांपैकी या प्रश्नांची उत्तरे मंत्री म्हणून प्रत्यक्ष देण्याची वेळ ज्यांच्यावर आली होती, असे फार थोडे होते. १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांवरील भूमिगत कामाची बंदी कायम ठेवली. २०१९ मध्ये केंद्र सरकारने तांत्रिक, पर्यवेक्षकीय आणि व्यवस्थापकीय पदांवरील स्त्रियांना, त्यांची लेखी संमती असल्यास, भूमिगत खाणीत काम करण्याची मुभा दिली. आज अभियंता म्हणून खाणीत उतरणारी तरुणी आणि १९४३ मध्ये टोपली घेऊन उतरलेली रेजा यांत अंतर आहे ते या संमतीचे.

स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री या नात्याने बाबासाहेबांनी हिंदू स्त्रीला वारसा, विवाह आणि घटस्फोट यांत न्याय्य हक्क देणारे हिंदू संहिता विधेयक पुढे रेटले. ते रखडवले गेले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीत मुंबईतून त्यांचा पराभव झाला आणि ते राज्यसभेवर गेले.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. १९५४ मध्ये भंडारा लोकसभा मतदारसंघात पोटनिवडणूक लागली. मतदारसंघ द्विसदस्य होता. एक जागा सर्वसाधारण आणि एक राखीव. राखीव जागेसाठी बाबासाहेब उभे राहिले. त्यांची प्रकृती तेव्हा खालावलेली होती, मधुमेह आणि सांधेदुखीने ते त्रस्त होते, तरीही ते प्रचाराला आले. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. राखीव जागेवर काँग्रेसचे भाऊराव बोरकर विजयी झाले आणि बाबासाहेब सुमारे आठ हजार मतांनी पराभूत झाले. लोकसभेची ही त्यांची शेवटची निवडणूक ठरली. धानाची शेती, विडीचे कारखाने आणि मँगनीजच्या खाणी यांवर पोट भरणाऱ्या या जिल्ह्यातील मतदारांपुढे त्या वेळी संविधानाचे शिल्पकार उभे होते. मँगनीजच्या टोपल्या वाहणाऱ्या किती स्त्रियांना हे ठाऊक होते, की प्रसूतिरजा, पाळणाघर आणि समान वेतन या गोष्टी खाणीच्या कायद्यात आणण्यासाठी हेच गृहस्थ झटले होते?

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लाखो अनुयायांसह त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. भंडारा जिल्ह्यातून त्या सोहळ्याला गेलेल्यांत पुष्कळ स्त्रिया होत्या. पांढरी लुगडी नेसून, मुले कडेवर घेऊन त्या गेल्या होत्या. त्यानंतर दोन महिनेही उलटले नाहीत तोच, ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीतील निवासस्थानी त्यांचे झोपेतच निधन झाले. दुसऱ्या दिवशी दादरच्या चौपाटीवर त्यांच्या पार्थिवावर अंत्यसंस्कार झाले. गिरण्यांमधील कामगार त्या दिवशी काम सोडून अंत्ययात्रेत चालत होते.